सर्टिफिकेट विकत घेण्याआधी

अगं, परवा फोनवर तू विचारलंस, "ताई, खरं सांग, पुढे जायला शिक्षण जास्त लागतं की चारित्र्य? आजी एक म्हणते, पप्पा दुसरंच म्हणतात." तुझ्या मागे स्टँडवरचा गलका होता, म्हणून नीट बोलता आलं नाही. आता निवांत बसून लिहिते.

आजीचं म्हणणं मला पाठ आहे. चार बुकं कमी शिकली तरी चालेल, पोरगी सरळ हवी. आजीवर माझा जीव आहे, पण हे मला पटत नाही. आपल्या गल्लीतल्या शेवटच्या घरातल्या काकू आठव. उभ्या जन्मात त्यांनी कुणाची पै बुडवली नाही. काका गेल्यावर महिन्याभरात धाकटे दीर म्हणाले, वारस नोंदीला सही लागते, तालुक्याला चला. काकू चौथी शिकलेल्या. सही येते, पण वाचायची सवय सुटलेली. निबंधक कार्यालयात त्यांचा फोटो काढला, अंगठा मशीनवर ठेवला, सही झाली. येताना दिरांनी त्यांना चहा पाजला. पुढे सोसायटीत पीककर्जाला गेल्या तेव्हा सातबाऱ्यावर त्यांचं नावच नव्हतं. त्या दिवशी सही केली होती ती हक्कसोडपत्रावर. काकूंच्या सरळपणात काही कमी नव्हतं. कागदाच्या डोक्यावरचा तो एक शब्द त्यांना वाचता आला असता, त्याचा अर्थ माहीत असता, तर जमीन राहिली असती.

म्हणून चांगल्या मुलीला जास्त शिकायची काय गरज, असं कुणी म्हणालं तर ते मनावर घेऊ नकोस. आणखी एक. आपल्याकडे मुलीच्या चारित्र्याचा विषय निघाला की ती कुणाशी बोलते, किती वाजता घरी येते, एवढंच बघतात. आणि त्याच कारणावरून कितीतरी जणींचं कॉलेज बारावीला सुटतं. मी त्याबद्दल बोलत नाहीये. दिलेला शब्द, हातातलं काम, दुसऱ्याचा पैसा आणि कागदावरची सही, इथे माणूस कसा वागतो ते मी बघते. ते बघायला मुलगा-मुलगी असा फरक लागत नाही.

आता पप्पा. डिग्री हातात आली की जग विचारतं, असं ते म्हणतात. त्यांनी शेतात घाम गाळून आपल्याला शिकवलं, त्यांना असंच वाटणार. पण २०१९-२० ची शिक्षक पात्रता परीक्षा बघ. पैसे घेऊन गुण वाढवल्याचं पोलीस तपासात उघड झालं. डिसेंबर २०२१ मध्ये पुणे पोलिसांनी राज्य परीक्षा परिषदेच्या आयुक्तांनाच अटक केली. २०२२ मध्ये सात हजारांहून जास्त उमेदवारांचा निकाल रद्द झाला आणि पुढच्या टीईटीला बसायलाही त्यांना बंदी आली. डीएड, बीएड झालेली माणसं होती ती. उद्या वर्गात उभं राहून पोरांना 'कॉपी करू नका' असं सांगणार होती. पप्पांना हे एकदा वाचून दाखव.

तू बोलता बोलता म्हणालीस की वर्गातली निम्मी मुलं इंटर्नशिपचं सर्टिफिकेट विकत घेतात. आणि मग जरा थांबलीस. ते थांबणं मला कळलं गं. म्हणूनच एवढं लिहितेय.

सिव्हिलचं थर्ड इयर मीही केलंय. लॅबमध्ये काय चालतं ते मला ठाऊक आहे. सुपर-सीनियरची जर्नल हातोहात फिरते. उत्तर आधी, रीडिंग मागाहून. अपेक्षित आकडा धरून उलटं गणित करायचं, दशांशात थोडा फरक ठेवायचा म्हणजे खरं वाटतं, आणि सबमिशनला सही मिळवायची. तेव्हा कुणाचंच काही बिघडत नाही असं वाटतं.

आता साइटवर काय होतं ते सांगते. स्लॅब भरताना आपण त्याच काँक्रीटचे क्यूब भरतो, १५० मिलिमीटरचे. ते पाण्यात ठेवायचे, काही सात दिवसांनी आणि काही अठ्ठावीस दिवसांनी मशीनवर दाबून तोडायचे. एम-२५ काँक्रीट असेल तर अठ्ठावीस दिवसांनी दर चौरस मिलिमीटरला २५ न्यूटनची ताकद यायला हवी. गाडी उशिरा आली, काँक्रीट घट्ट वाटलं की गवंडी नळी घेऊन पाणी मारायला लागतो, कारण मग ते पसरायला सोपं जातं. पाणी वाढलं की ताकद घटते, हे तुझ्या पुस्तकात आहेच. मग क्यूबची ताकद कमी येते. रजिस्टरमध्ये आकडा कोण लिहितं? नुकतीच पास झालेली तुझ्यासारखी एखादी ज्युनियर इंजिनियर. सातच्या शिफ्टला आलेली, भुकेली, आणि शेजारी ठेकेदाराचा माणूस म्हणतोय, "मॅडम, सत्तावीस टाका की, पुढचं बिल अडकलंय."

त्या वेळी तिच्या हाताला जी सवय आहे, तीच उपयोगी पडते किंवा घात करते. जर्नलमध्ये तीन वर्षं उलटं गणित केलेल्या हाताला सत्तावीस लिहिणं अवघड जात नाही. त्या स्लॅबखाली कुणीतरी पाळणा बांधणार असतं.

आणि हेही बघ: आकडा खरा लिहायचं धाडस एकटं पुरत नाही. क्यूब कमी आला तर पुढे काय करायचं, रिबाउंड हॅमर लावायचा का, कोअर काढायचा का, त्याची मागणी कोडच्या कोणत्या कलमावर बोट ठेवून करायची, हे माहीत नसेल तर तुझा खरेपणा ठेकेदार पाच मिनिटांत उडवून लावेल. अभ्यास आणि सचोटी एकाच वेळी, एकाच सहीत लागतात. म्हणून तुझा प्रश्न मला सोडवता येत नाही. दोन्हींतलं एक निवडायची वेळ कामावर येतच नाही.

मी मुलाखती घ्यायला बसते तेव्हा हेच जाणवतं. मागे एका मुलाने सहा महिन्यांची इंटर्नशिप लिहिली होती. काँक्रीटची स्लम्प टेस्ट कशासाठी घेतात विचारलं, तर तो खाली बघायला लागला. त्याच दिवशी एक मुलगी आली, टक्के त्याच्यापेक्षा कमी. एका प्रश्नाला सरळ म्हणाली, "मॅडम, हे मी कधी केलेलं नाही, पण शिअर आणि बेंडिंगवरून विचार करून बघते." कागद मागितला आणि आकृती काढली. तिला आम्ही घेतलं. नुसती खरं बोलली म्हणून नव्हे हं. तिची आकृती बरोबर होती.

लबाडी करणारे सगळे पकडले जातात असं मी तुला सांगणार नाही. खूप जण सुटतात, गाड्या घेतात, फ्लॅट घेतात. आणि खरं बोलणाऱ्याला कधी कधी फार महाग पडतं. सत्येंद्र दुबे आयआयटी कानपूरचे सिव्हिल इंजिनियर होते. सुवर्ण चतुष्कोण महामार्गाच्या कामातला भ्रष्टाचार त्यांनी थेट पंतप्रधान कार्यालयाला कळवला. २७ नोव्हेंबर २००३ ला गयेत त्यांना गोळ्या घातल्या गेल्या. ते नाव मी विसरत नाही, तूही विसरू नकोस. पण भिऊ नकोस. तुझ्या वाट्याला बहुतेक वेळा एवढं मोठं काही येणार नाही. एक रजिस्टर येईल, एक बिल येईल, एक सही येईल.

आपण दोघी रयत शिक्षण संस्थेच्या शाळेत शिकलो. शाळेत संस्थापक कर्मवीर भाऊराव पाटलांची, म्हणजे अण्णांची, जयंती दर वर्षी व्हायची, भाषणं व्हायची, आपण उन्हात बसून पेढ्याची वाट बघायचो. त्यांची गोष्ट मला खरी कळली ती नोकरी लागल्यावर. ते स्वतः मॅट्रिकही झाले नव्हते. १९१९ साली आपल्या कराडजवळच्या काले गावी त्यांनी संस्था काढली, १९२४ ला साताऱ्यात वसतिगृह सुरू केलं. सगळ्या जातींची पोरं एकत्र राहायची, स्वतः रांधायची, शेतात राबायची आणि शिकायची. पोरांच्या जेवणासाठी त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने दिले, मंगळसूत्रसुद्धा. एवढा सचोटीचा माणूस. 'नुसती सरळ पोरं तयार करू, बाकी देव बघेल' असं म्हणून थांबू शकला असता. त्यांनी शाळा काढल्या. आणि त्या शाळांत पोरांच्या हाताला काम ठेवलं, फुकटचं खाऊ दिलं नाही. त्याच वसतिगृहातला एक गरीब मुलगा, पी. जी. पाटील, बॅरिस्टर झाला आणि पुढे शिवाजी विद्यापीठाचा कुलगुरू.

तेव्हा ते सर्टिफिकेट घेऊ नकोस. मेच्या सुट्टीत इकडे माझ्याकडे ये, आमच्या साइटवर इंजिनियर साहेबांना मी विचारून ठेवलंय. पैसे मिळणार नाहीत, ऊन लागेल, पहिले दोन आठवडे नुसते क्यूब मोजशील. पण कागदावर जे लिहून मिळेल ते तू केलेलं असेल. त्याआधी तुझा तो राहिलेला गणिताचा एम-थ्री पेपर काढ. मागच्या वर्षांचे पेपर उत्तरं न बघता स्वतः सोडव, अडलं तर रात्री दहानंतर फोन कर. आणि परीक्षेच्या फॉर्मला पैसे कमी पडत असतील तर पप्पांना सांगायच्या आधी मला सांग.