ठरावीक रक्कम म्हणजे नफा नव्हे

प्रश्न : भिवंडीत माझे यंत्रमाग आहेत. व्याज नको म्हणून बँकेचे कर्ज घेत नाही. मोहल्ल्यातल्या वीसेक जणांनी विश्वासाने पैसे दिले आहेत. त्यांना लाखामागे महिना दीड हजार रुपये नफा देतो. जकातही नेमाने काढतो. ती धंद्याच्या खर्चात दाखवता येईल का?
– एक वाचक, भिवंडी

उत्तर : नाही. जकात हे तुमच्या संपत्तीवरचे धार्मिक देणे आहे, धंद्याचा खर्च नव्हे. पण तुमच्या पत्रातला खरा प्रश्न त्या वीस जणांच्या पैशांचा आहे, आणि नेमका तोच तुम्ही विचारलेला नाही.

लाखामागे महिना दीड हजार म्हणजे सालाला १८ टक्के. कापडाला उठाव असो वा नसो, एवढे द्यायचेच असेल तर तो नफा कसला? मुदारब्यात, म्हणजे एकाचे भांडवल आणि दुसऱ्याची मेहनत अशा इस्लामी भागीदारीत, नफ्याचे प्रमाण ठरते, रक्कम नाही. आणि तुमची हयगय नसेल तर तोटा भांडवल देणाऱ्याने सोसायचा. म्हणजे व्याज टाळायला निघालात आणि व्याजच देत आहात. कायदाही नावाला भुलत नाही. ठेवीदारांच्या संरक्षणासाठी केलेला महाराष्ट्राचा १९९९ चा एमपीआयडी कायदा परतफेडीच्या बोलीवर घेतलेल्या पैशाला ठेव मानतो. मोबदल्याला व्याज म्हणा, बोनस म्हणा की नफा. खरी मेख पुढे आहे : धंद्याला न पेलणारे वचन दिल्यामुळे पैसे थकले, तरी कायदा ती लबाडीच धरतो. ‘माझी नियत साफ होती’ हा बचाव तिथे लंगडा पडतो. सहा वर्षांपर्यंत कैद होऊ शकते, मालमत्तेवर जप्ती येऊ शकते. मंदीत जुन्यांचे पैसे नव्यांकडून घेऊन भागवू लागलात, की परतीची वाट उरत नाही. २०१९ मध्ये बेंगळुरूत कोसळलेल्या आयएमए या गुंतवणूक कंपनीने ‘हलाल’ गुंतवणुकीच्या नावावरच हजारो कुटुंबांची बचत बुडवली.

‘सगळे आपलेच, लिखापढी कशाला?’ असे तुम्ही म्हणाल. आज पैसे देणारा आपला आहे; उद्या त्याचे वारस हिशेब मागतील, तेव्हा तोंडी बोली कोण मानेल? शिवाय देण्याघेण्याचा करार लिहून ठेवा, हा आदेश कुराणातच आहे (सूरह बकरा, आयत २८२). आणि नफ्याऐवजी दरमहा ‘भेट’ म्हणून पैसे देण्याची युक्ती कोणी सुचवली, तर ऐकू नका; नाव बदलले तरी बोली तीच राहते.

नवे पैसे घेणे आजच थांबवा. वकील आणि सीए यांच्या सल्ल्याने एलएलपी (मर्यादित दायित्वाची भागीदारी) नोंदवा आणि ज्यांची तयारी असेल त्यांना भांडवलासह रीतसर भागीदार करा. नफ्याचे प्रमाण आणि तोट्याची जबाबदारी करारात लिहा, दरवर्षी हिशेब सर्वांपुढे ठेवा. ज्याला तोटा नको, त्याचे पैसे धंदा चालू आहे तोवर परत करा. गरिबाला जकात देणारा हात शेजाऱ्याची पुंजी धोक्यात घालत असेल, तर त्या व्यवसायाला जबाबदार म्हणता येत नाही.