घराचा दूरध्वनी

आपल्या घरातील वस्तूंकडे नीट पाहिले, तर त्यांचे दोन वर्ग पडतात. काही वस्तू एकेका माणसाच्या असतात. आजोबांचा चष्मा, बाबांचे घड्याळ, आपले दप्तर या वस्तू त्या वर्गातल्या. धनी घराबाहेर पडला की त्याही त्याच्याबरोबर बाहेर जातात. दुसऱ्या काही वस्तू मात्र साऱ्या घराच्या असतात. पाण्याचा माठ, माजघरातील दिवा, दारावरची घंटा यांवर कोणा एकाची मालकी नसते. घरात जो असेल, त्याच्या उपयोगी पडावे, एवढेच त्यांचे काम. तारेने जोडलेला आणि एका जागी ठेवलेला दूरध्वनी, ज्याला आपण लँडलाइन म्हणतो, तो या दुसऱ्या वर्गातला होय. खिशातील मोबाइल माणसाचा असतो. लँडलाइन घराची असते. हा भेद ध्यानात घेतला, म्हणजे आजच्या काळातही असा दूरध्वनी घरी ठेवण्याचे लाभ कोणते, हे सहज उमगेल.

प्रथम या यंत्राचा थोडा इतिहास पाहू. दूरध्वनीचा शोध अलेक्झांडर ग्रॅहम बेल यांच्या नावाशी निगडित आहे. ७ मार्च १८७६ रोजी अमेरिकेत त्यांना या यंत्राचे पेटंट मिळाले आणि तीनच दिवसांनी, १० मार्च रोजी, त्यांनी दुसऱ्या खोलीत असलेले आपले सहकारी टॉमस वॉटसन यांना यंत्रावरून हाक मारून बोलावून घेतले. त्यानंतर सहा वर्षांच्या आतच, २८ जानेवारी १८८२ रोजी, भारतात दूरध्वनी केंद्रे सुरू झाली. कलकत्ता, मुंबई व मद्रास ही ती तीन शहरे होत. त्या काळी केंद्रात बसलेला माणूस बोलणाऱ्यांच्या तारा हाताने जोडून देई. पुढे यंत्रे हे काम करू लागली. तरीही परगावी बोलावयाचे असल्यास ‘ट्रंक कॉल’ नोंदवून तासन् तास वाट पाहावी लागे. १९६० साली लखनौ व कानपूर या शहरांमध्ये थेट क्रमांक फिरवून बोलण्याची सोय प्रथम झाली आणि हळूहळू ती देशभर पसरली.

तथापि घरात दूरध्वनी असणे ही गोष्ट पुष्कळ वर्षे दुर्मीळच होती. अर्ज केल्यानंतर जोडणीसाठी कित्येक वर्षे थांबावे लागे. ज्याच्या घरी दूरध्वनी नसे, तो आपल्या पत्त्याखाली शेजाऱ्याचा क्रमांक देई आणि त्यापुढे ‘पी. पी.’ अशी दोन अक्षरे घाली. त्या क्रमांकावर फोन आला, की शेजारच्या घरातील एखादे मूल धावत जाऊन निरोप सांगे. कोणाच्या घरी बाळ जन्मले, कोणाचा मुलगा परीक्षा उत्तीर्ण झाला, कोणाचे दुखणे वाढले, ही सारी वार्ता त्या एका यंत्रातून साऱ्या आळीत पोहोचे. दूरध्वनी एका घरात असला, तरी उपयोग दहा घरांचा होई. ३१ जुलै १९९५ रोजी भारतात मोबाइलवरील पहिले संभाषण झाले. त्यानंतर मोबाइल घराघरांत आला आणि अनेकांनी लँडलाइन काढून टाकली. ‘आता तिची गरज काय?’ असा प्रश्न आज विचारला जातो. त्याचे उत्तर शोधण्यासाठी हे यंत्र चालते कसे, हे जाणून घ्यावयास हवे.

लँडलाइनपासून दूरध्वनी केंद्रापर्यंत तांब्याच्या दोन बारीक तारा गेलेल्या असतात. या तारांमध्ये केंद्राने सुमारे ४८ व्होल्टचा विद्युत्दाब कायम ठेवलेला असतो. रिसीव्हर जागेवर असताना मार्ग खंडित असतो, म्हणून प्रवाह वाहत नाही. आपण रिसीव्हर उचलला की मार्ग पूर्ण होतो, प्रवाह वाहू लागतो, आणि ‘या घरातून कोणी बोलू इच्छितो’ हे केंद्राला कळते. लगेच आपल्या कानी एक अखंड सूर पडतो. हा सूर म्हणजे केंद्राने दिलेली ओ होय. आपण बोलू लागलो म्हणजे आवाजाच्या लाटांनी प्रवाहात चढउतार होतात. ते तारेतून प्रवास करतात आणि पलीकडच्या रिसीव्हरमधील पातळ पडदा थरथरवून पुन्हा आवाजाचे रूप घेतात.

मुलांनो, यातील एक गोष्ट विशेष लक्षात ठेवण्याजोगी आहे. या यंत्राला लागणारी वीज आपल्या घरातील खटक्यातून येत नाही. ती केंद्राकडून त्याच तारांतून येते. केंद्रात मोठ्या बॅटऱ्यांची रांग असते आणि त्यांच्या जोडीला जनित्रही असते. म्हणूनच गावातील दिवे गेले, तरी साधी लँडलाइन बोलत राहते. तिला रात्री चार्जिंगला लावण्याची आठवण ठेवावी लागत नाही.

याचा उपयोग केव्हा होतो, ते पाहा. समजा, श्रावणातील एक रात्र आहे. बाहेर पाऊस कोसळत आहे आणि वीज गेली आहे. घरी आजी आणि बारा वर्षांची नात अशा दोघीच आहेत. आईवडील परगावी गेले आहेत आणि त्यांचे मोबाइल अर्थातच त्यांच्याबरोबर आहेत. आजीचा मोबाइल बॅटरी संपून बंद पडला आहे. अशा वेळी आजीच्या छातीत दुखू लागले, तर त्या मुलीने काय करावे? भिंतीजवळच्या ठरलेल्या जागी लँडलाइन असेल, तर अंधारातही तिचा हात रिसीव्हरवर पडेल. संकेतशब्द नको, बोटाचा ठसा नको, कोणाची परवानगी नको. १०८ हा क्रमांक फिरविला की रुग्णवाहिका मागविता येते. ११२ या क्रमांकावर कोणत्याही संकटात साहाय्य मिळते. शिवाय लँडलाइनच्या क्रमांकाबरोबर त्या घराचा पत्ता दूरध्वनी कंपनीच्या दप्तरी नोंदलेला असतो. घाबरलेल्या मुलाला पत्ता नीट सांगता आला नाही, तर ही नोंद मदत करणाऱ्यांच्या कामी येऊ शकते. आजीच्या घरी दूरध्वनी ठेवण्याचा खर्च महिन्याला काही रुपयांचा असेल. परंतु त्या एका रात्री त्याची किंमत रुपयांत करता येणार नाही.

यावरून लँडलाइन कधी बंदच पडत नाही, असे मात्र समजू नये. खरे ते सांगितले पाहिजे. पावसाळ्यात केबलमध्ये पाणी शिरते, रस्ता खणताना तारा तुटतात, आणि लाइनमन येईपर्यंत यंत्र मुके होऊन बसते. बिनतारी रिसीव्हरच्या दूरध्वनीला, म्हणजे कॉर्डलेसला, घरातील विजेचीच गरज असते. आता तर अनेक ठिकाणी तांब्याच्या तारा जाऊन काचतंतूंची केबल आली आहे. तिच्यातून प्रकाशाच्या रूपाने संदेश येतात. परंतु यंत्र चालविण्यासाठी लागणारी वीज त्या तंतूंतून येत नाही. म्हणून अशी जोडणी असलेल्या घरात वीज गेली, की दूरध्वनीही थांबतो. तेथे केबलच्या पेटीसाठी एखादी छोटी बॅटरी बसवून घेणे शहाणपणाचे ठरते. आपल्या घरची जोडणी कोणत्या प्रकारची आहे, हे आईवडिलांना विचारून पाहा.

मोबाइललाही मर्यादा आहेत. त्याच्या मनोऱ्याला वीज लागते. मनोऱ्यापाशी बॅटऱ्या असतात, पण त्या संपल्या आणि वीज आली नाही, तर हातात भरलेला मोबाइल असूनही तो निरुपयोगी होतो. ३ जून २०२० रोजी ‘निसर्ग’ चक्रीवादळ कोकणच्या किनाऱ्यावर आदळले, तेव्हा रायगड व रत्नागिरी जिल्ह्यांतील अनेक गावांत वीज आणि मोबाइल या दोन्ही सेवा कित्येक दिवस बंद राहिल्या. मुंबई-पुण्यातील चाकरमान्यांना गावाकडच्या माणसांची खुशाली कळेना. इतक्या मोठ्या वादळापुढे खांबावरून गेलेल्या तारांचाही टिकाव लागत नाही. तेव्हा अमुक साधन श्रेष्ठ आणि तमुक कनिष्ठ, असा वाद घालण्यात अर्थ नाही. ज्या गावाला नदीवर दोन पूल असतात, त्याचा एक पूल खचला तरी वाट सर्वस्वी बंद होत नाही. मोबाइल आणि लँडलाइन हे निरोपाचे असेच दोन पूल होत.

संकटाचे प्रसंग क्वचित येतात. घराचा दूरध्वनी मात्र रोजच्या जीवनातही उपयोगी पडतो. ज्या मुलांच्या हाती अजून मोबाइल दिलेला नाही, त्यांना शाळेतून आल्यावर ‘मी घरी पोहोचलो’ एवढे कळविण्यास तो पुरेसा असतो. बारीक अक्षरे आणि गुळगुळीत पडदा यांना कंटाळलेल्या वृद्धांना त्याची ठळक बटणे व मोठी घंटा सोयीची वाटते. तो आपल्या जागी असतो, म्हणून शोधावा लागत नाही. आणि तो हालत नाही, म्हणून माणसाला त्याच्यापाशी जाऊन, स्वस्थ बसून, बोलावयाचे तेवढेच बोलावे लागते. जेवणाच्या पानावर तो येत नाही आणि अभ्यासाच्या वहीशेजारीही येऊन बसत नाही.

आणखी एक लाभ आहे. मोबाइलवर आपण माणसाला फोन करतो. लँडलाइनवर घराला फोन करतो. नागपूरच्या काकांनी बाबांसाठी फोन केला, तर तो कदाचित आजी उचलते, कदाचित धाकटी बहीण उचलते. बाबा येईपर्यंत काका तिच्याशी चार शब्द बोलतात. ‘दात पडला का?’ ‘कविता पाठ झाली का?’ अशी विचारपूस होते. काकांनी तिच्यासाठी फोन केलेला नसतो. तरीही त्या दोघांची ओळख वाढते. थेट बाबांच्या मोबाइलवर फोन आला असता, तर काकांचा आवाज तिने ऐकलाही नसता. नात्याचे कितीतरी धागे अशा सहज घडलेल्या बोलण्यातून बळकट होत असतात.

घरच्या दूरध्वनीवर बोलण्याची एक रीत आहे. रिसीव्हर उचलल्यावर नमस्कार म्हणावे व आपण कोण, हे सांगावे. ज्यांच्यासाठी फोन आहे ते घरी नसल्यास बोलणाऱ्याचे नाव, क्रमांक व निरोप लिहून घ्यावा आणि तो वाचून दाखवावा. यासाठी यंत्राजवळ एक वही व पेन्सिल बांधून ठेवावी. मात्र अनोळखी माणसाने ‘घरात कोण आहे?’ असे विचारले, तर आपण एकटे आहोत हे सांगू नये; बँकेची किंवा घरची माहितीही देऊ नये. पोलीस, अग्निशमन दल व रुग्णवाहिका यांचे क्रमांक गंमत म्हणून फिरविणे हा अपराध आहे. आपल्या थट्टेमुळे खऱ्या संकटातील माणसाची हाक अडून राहते. लँडलाइनवरून मोबाइलला फोन करताना क्रमांकाआधी शून्य लावावे लागते. हा नियम १५ जानेवारी २०२१ पासून लागू आहे.

मुलांनो, प्रत्येक घराने लँडलाइन ठेवलीच पाहिजे, असे नाही. गरज आणि ऐपत पाहून ज्याने त्याने ठरवावे. परंतु जेथे वृद्ध माणसे एकटी राहतात, किंवा लहान मुले काही तास एकटी असतात, त्या घराने तिचा विचार अवश्य करावा. जेथे ते शक्य नाही, तेथे एखादा साधा मोबाइल ठरलेल्या जागी ठेवावा, तो रोज भरून ठेवावा आणि कोणीही तो बाहेर नेऊ नये. असे केल्यास तोही काही अंशी घराचा फोन होईल. शेवटी यंत्र कोणतेही असो. घरातील सर्वांत लहान आणि सर्वांत वृद्ध माणसाला, कोणाची वाट न पाहता, बाहेर हाक मारता आली पाहिजे.

स्वाध्याय

१. ‘खिशातील मोबाइल माणसाचा असतो, लँडलाइन घराची असते’ या विधानाचा अर्थ तुमच्या शब्दांत सांगा.
२. घरातील वीज गेली तरी तांब्याच्या तारेची लँडलाइन का चालते? काचतंतूंच्या केबलवरील दूरध्वनी का थांबतो?
३. ‘पी. पी.’ क्रमांकामुळे शेजाऱ्यांमध्ये कोणते संबंध निर्माण होत असतील? घरातील वडीलधाऱ्या माणसांना विचारून पाच ओळी लिहा.
४. आईवडिलांपैकी एकाचा दूरध्वनी क्रमांक पाठ करा आणि न पाहता लिहून दाखवा.
५. बाबा घरी नसताना त्यांच्यासाठी आलेला निरोप तुम्ही घेत आहात, अशी कल्पना करून तो संवाद लिहा.