पाणलोटाची आकाशांतून पाहणी : देणगीदारांनीं कोणता पुरावा मागावा

दुष्काळनिवारणार्थ जें द्रव्य आपण देतां, त्यापैकीं धान्य व चारा यांवर खर्ची पडलेल्या रकमेचा हिशेब सोपा असतो. पोतीं मोजतां येतात, पावत्या दाखवितां येतात. परंतु जी रक्कम नालाबांध, सलग समतल चर व वृक्षलागवड यांच्या रूपानें मातींत जाते, तिचें फळ काय निघालें, हें दहा वर्षांनीं कोणीं व कशावरून सांगावें? गांवकऱ्यांचें सांगणें व समारंभाच्या दिवशीं काढलेले फोटो यांहून भक्कम असा एक पुरावा हल्लीं विनामूल्य मिळतो. त्याची ओळख करून देणें व त्याची उलटतपासणी कशी करावी हें सांगणें, एवढाच या लेखाचा हेतु आहे.

ज्या जमिनीवर पडलेलें पावसाचें पाणी एकाच ओढ्यास येऊन मिळतें, ती सर्व जमीन म्हणजे त्या ओढ्याचें पाणलोट क्षेत्र. त्याची हद्द चढउतार ठरवितो, तलाठ्याचें दप्तर नव्हे. म्हणून एकट्या सातबाऱ्यावरून पाणलोटाची स्थिति उमगत नाहीं. माथ्यावरचें गायरान नांगराखालीं गेलें, कीं पाणी जिरण्याऐवजीं माती घेऊन धांवतें. वरच्या गांवीं पीकपाहणींत ‘लागवड वाढली’ म्हणून जें नोंदलें जातें, त्यानेंच खालच्या गांवचा तलाव गाळानें भरत असतो. हे दोन्ही फेरफार एका कागदावर पाहावयाचे, तर वरूनच पाहिलें पाहिजे.

ही सोय होऊन अर्धें शतक लोटलें. पुढें लँडसॅट या नांवानें ओळखला गेलेला पहिला उपग्रह अमेरिकेनें २३ जुलै १९७२ रोजीं सोडला. त्याच पावसाळ्यांत महाराष्ट्रावर मोठा दुष्काळ ओढवत होता. त्याच्या चित्रांतील एक चौकट जमिनीवर सुमारें ८० मीटर लांबरुंद, म्हणजे दीड एकराहून कांहींशी मोठी असे. लहान शेत तींत हरवून जाई. १९८४ च्या लँडसॅट-५ ची चौकट ३० मीटरांवर, म्हणजे नऊ गुंठ्यांवर आली. भारताचा आयआरएस-१ए हा १७ मार्च १९८८ रोजीं गेला. आणि युरोपच्या २०१५ च्या सेंटिनेल-२ ची चौकट १० मीटरांची, म्हणजे जवळजवळ बरोबर एक गुंठा! आमच्या कुणब्याचें माप व परक्या यंत्राचें माप येथें आपोआप जुळलें. लँडसॅटचीं जुनीं चित्रें २००८ पासून सर्वांस फुकट खुलीं आहेत.

चित्र वाचण्याचें तत्त्व असें. जिवंत पान तांबडा प्रकाश शोषून घेतें, पण डोळ्यांस न दिसणारा अवरक्त प्रकाश जोरानें परत फेंकतें. पाणी तो अवरक्त प्रकाश गिळून काळें दिसतें. उघडी माती या दोहोंच्या मध्यें पडते. या भेदावरून प्रत्येक चौकटीस पीक, पड, झाडी किंवा पाणी अशी संज्ञा देतात व दोन सालांचे नकाशे एकावर एक ठेवून बदल मोजतात.

जमिनींचे दावे चालवितांना मला एवढें कळलें, कीं खरें बोलणारा साक्षीदारहि विचारलेल्या प्रश्नापुरतेंच खरें बोलतो. चित्राचेंहि तसेंच आहे. अवर्षणाच्या सालचें चित्र कामापूर्वींचें व सुकाळाचें चित्र कामानंतरचें म्हणून शेजारीं मांडलें, तर पावसाचें श्रेय बांधास मिळतें. वैशाखांत पानगळीचें रान पडीक भासतें. भाद्रपदांत गायरानावरचें गवत पिकासारखें दिसतें. यास्तव निवडक ठिकाणीं प्रत्यक्ष शेतांत जाऊन पडताळा घेतल्यावांचून नकाशा पुराव्यांत घेऊं नये.

सर्वांत मोठी फसगत हिरव्या रंगानेंच होते. उन्हाळ्यांतहि हिरवेगार दिसणारें शिवार पाहून देणगीदार संतुष्ट होतो. पण तो ऊंस किंवा ती फळबाग खोल विंधनविहिरींवर उभी असूं शकते. त्याचप्रमाणें प्लास्टिकचा कागद अंथरलेलें शेततळें चित्रांत पाणीसांठा म्हणून मोजलें जातें. अनेक ठिकाणीं त्यांतलें पाणी विहिरींतून उपसून आणलेलें असतें. म्हणजे भुईंतलें पाणी वर काढून उन्हांत वाळत ठेवलें! चित्र खोटें नसतें. पण पाणी कोठून आलें, हें त्यास ठाऊक नसतें. अहिल्यानगर जिल्ह्यांतील हिवरे बाजारचें महत्त्व यासाठींच. तेथें नुसते चर खोदून थांबले नाहींत. शेतीसाठीं विंधनविहिरी घेण्यास व ऊंसासारख्या पिकांस गांवानें बंदी केली, आणि दरवर्षीं पाऊस व विहिरींची पातळी मोजून कोणतें पीक घ्यावें हें ग्रामसभा ठरवूं लागली. तेथील हिरव्या चौकटीमागें असा जमाखर्च आहे.

तेव्हां कोणत्याहि संस्थेस पाणलोटकामासाठीं रक्कम देतांना आपण पुढील कागद मागावे. कामापूर्वींच्या व नंतरच्या, सारख्या पावसाच्या दोन सालांचीं, प्रत्येकीं ऑक्टोबर, जानेवारी व एप्रिल या महिन्यांतील चित्रें, त्यांवर पाणलोटाची हद्द आंखलेली. शेजारच्या, काम न झालेल्या पाणलोटाचीं तशींच चित्रें, म्हणजे कामानें काय झालें व पावसानें काय झालें हें निराळें कळेल. आणि त्याच महिन्यांत मोजलेल्या विहिरींच्या पाण्याची पातळी. यांत चित्रांस पैसा पडत नाहीं. खर्च पडतो तो जाणत्या माणसाच्या मेहनतीचा व विहिरीच्या कांठीं उभें राहून दोरी सोडणाऱ्याच्या मजुरीचा. तेवढी रक्कम देणगींतूनच राखून ठेवण्यास आपली संमति असावी, अशी विनंती आहे.