संत मोनिका आणि हाताबाहेर गेलेला मुलगा



27 ऑगस्टला आपण संत मोनिकाचा सण पाळतो. तिने अश्रू ढाळून, प्रार्थना करून मुलगा परत मिळवला, एवढेच आपण मातांना सांगतो. पण संत अगस्तीनने स्वतः लिहून ठेवलेली हकिकत याहून मोठी आहे. तरुणपणी तो मानी पंथाच्या नादी लागला, तेव्हा मोनिकाने त्याला घरात राहू देण्यास व आपल्या पंगतीला बसू देण्यास नकार दिला. पुढे एका स्वप्नाने तिला धीर आला आणि तिने त्याला पुन्हा पंगतीला घेतले. मुलगा मात्र बदललेला नव्हता. 383 साली तो आईला फसवून रात्रीतून रोमला निघून गेला. त्याचा बाप्तिस्मा झाला 387 साली. मोनिका त्याच्या मागे मिलानपर्यंत गेली, हेही खरे. पण वळायचे की नाही, हे त्याचे त्यालाच ठरवावे लागले.

आपल्या डाळज-भिगवण भागात प्रश्न बहुधा पंथाचा नसतो, दारूचा नाहीतर जुगाराचा असतो. उसाचे बिल जमा झाले की तिशीतला मुलगा आईपुढे हात पसरतो. वडील गावभरची उधारी फेडतात. लोक काय म्हणतील! संत थॉमस यांच्या मते प्रेम म्हणजे दुसऱ्याचे भले इच्छिणे. पैसे देऊन आजची रात्र शांत जाते, भले होतेच असे नाही. लूकच्या 15 व्या अध्यायातला बाप दूरदेशी पैसे पाठवत नाही. मुलगा दिसताच मात्र धावत जातो.

त्याने वाटणी आधीच दिली होती, असे कोणी म्हणेल. अशा शेतकरी बापाने बेनसिराचा 33 वा अध्याय वाचावा. जिवंतपणी मालमत्ता मुलाच्या हाती सोपवू नये, असे तो बजावतो. द्यायचीच तर सांभाळण्याची अट बक्षीसपत्रात लिहून घ्यावी. मुलाने ती मोडली, तर 2007 च्या कायद्याप्रमाणे साठी ओलांडलेल्या आई-वडिलांना दस्त रद्द करून मागता येतो.

मुलगा जीव देण्याची धमकी देत असेल तर ती खोटी समजू नका. पैसे न देता डॉक्टरांकडे न्या. रोज भरपूर पिणाऱ्याची दारूही घरच्या घरी एकदम तोडू नका, त्यात जिवाला धोका असतो. डॉ. अनिता व अनिल अवचट यांनी 1986 साली सुरू केलेले मुक्तांगण पुण्यात येरवड्याला आहे. तिथे घरच्यांशीही बोलतात, आणि मला तेच अधिक मोलाचे वाटते.

मुलाशी बोलायचे ते सकाळी, तो शुद्धीवर असताना, थोडक्यात. जेवायला मिळेल, पैसे मिळणार नाहीत. उधारी तुझी तू फेड. सुनेवर हात उचललास तर 112 ला फोन जाईल. आणि बोललो ते घरातल्या सगळ्यांनी पाळायचे. नाहीतर आजी पदराच्या गाठीतली शंभराची नोट गुपचूप काढून देते आणि सगळे मुसळ केरात जाते.