'चार्ज' : एक शब्द, अनेक ओझीं

इंग्रजी शिकणारास खरा त्रास कठीण शब्द देत नाहींत. सोपे शब्द देतात. लांबलचक शब्दाचा अर्थ बहुधा एकच असतो, आणि तो कोशांत पाहिला म्हणजे काम भागतें. परंतु रोजच्या वापरांतला आंखूड शब्द प्रत्येक ठिकाणीं निराळा अर्थ घेऊन उभा राहतो. 'चार्ज' हा अशांपैकींच एक होय. नव्या गुरुजींनीं शाळेचा चार्ज घेतला. पोलिसांनीं लाठीचार्ज केला. कोर्टांत चार्जशीट दाखल झालें. बँकेनें खात्यांतून चार्ज कापला. फोन चार्ज झाला नाहीं. हीं पांचहि वाक्यें इंग्रजीचें एक अक्षर न शिकलेला मनुष्यहि आज बोलतो. शब्द एकच, अर्थ पांच. हे अर्थ एकमेकांस कसे जोडलेले आहेत, व कोणत्या जागीं कोणता मराठी शब्द योजावा, हें ह्या पाठांत आम्ही सांगणार आहों. हा केवळ पंडितांचा विषय नव्हे. ज्या कागदावर आपण सही किंवा अंगठा करितों त्यावर हा शब्द येतो. आणि गांवांत कागद वाचून दाखविण्याचें काम बहुधा आपल्या वाचकांपैकींच कोणावर तरी येतें.

शब्दाचें मूळ.— लॅटिन भाषेंत 'कारुस' म्हणजे गाडा. त्यावरून 'कारिकारे', म्हणजे गाड्यावर माल लादणें, हें क्रियापद झालें. तें फ्रेंच भाषेंतून इंग्रजींत आलें, आणि त्याचें 'चार्ज' असें रूप झालें. मोटारगाडीस लावलेला 'कार' हा शब्द, वाहून नेणें ह्या अर्थाचा 'कॅरी', आणि जहाजावरील माल ह्या अर्थाचा 'कार्गो' हे सर्व त्याच कुळांतले. तेव्हां वाचकांनीं एक किल्ली जवळ ठेवावी : चार्ज म्हणजे लादणें, किंवा लादलेला भार. कोणीं, कोणावर, काय लादलें, एवढें विचारलें म्हणजे बहुतेक अर्थ उलगडतात.

पहिला अर्थ, जबाबदारी.— कामाचा भार एकाच्या खांद्यावरून दुसऱ्याच्या खांद्यावर जातो, तेव्हां तो चार्ज घेणें किंवा देणें. आपल्या 'कार्यभार' आणि 'कारभार' ह्या शब्दांतहि 'भार' आहेच. हें ओझें मानाचें असलें तरी ओझेंच आहे. चार्ज घेणाराची वही, किल्ल्या व शिल्लक ह्यांबद्दलची जबाबदारी त्या क्षणापासून सुरू होते. म्हणून मोजून घ्यावें, मगच सही करावी.

दुसरा अर्थ, पैसा.— सेवेबद्दल आपल्यावर लादलेली रक्कम ती चार्ज. मराठींत ह्यास 'आकार' हा जुना व नेमका शब्द आहे. येथें समानार्थी शब्दांतील भेद ध्यानांत घ्यावा. वस्तूची ती 'प्राइस', म्हणजे किंमत, वकील, डॉक्टर किंवा शाळा ह्यांस द्यावयाची ती 'फी', एस. टी.चें किंवा आगगाडीचें तें 'फेअर', म्हणजे भाडें. रस्त्याचा किंवा पुलाचा तो 'टोल'. बँकेच्या पासबुकांत 'चार्ज' व 'इंटरेस्ट' असे दोन शब्द दिसल्यास दुसरें व्याज होय. पहिला सेवेचा आकार होय. दोन्ही एक समजूं नयेत, आणि आकार कशाबद्दल आहे हें बँकेंत विचारण्यास संकोच करूं नये.

तिसरा अर्थ, आरोप.— येथें दोषाचें ओझें माणसावर ठेविलें जातें. 'आरोप' हा संस्कृत शब्दहि 'वर चढविणें' ह्याच अर्थाच्या धातूपासून झाला आहे, हें लक्षांत घेण्याजोगें आहे. 'अक्यूज' हाहि समानार्थी शब्द आहे. पण तो कोणीहि कोणाविषयीं वापरावा. कायद्याच्या रीतीनें ठेविलेला दोष तो 'चार्ज'. पोलिसांचा तपास पुरा झाला व त्यांस पुरावा दिसला, म्हणजे ते दोषारोपपत्र न्यायालयांत धाडतात. न्यायाधीशास तथ्य वाटल्यास तो आरोप निश्चित करितो. मग साक्षीपुरावे होतात. आणि शेवटीं निकाल लागतो. म्हणजे चार्जशीट ही मधली पायरी आहे, शेवटची नव्हे. कागद कोर्टांत गेला एवढ्यावरून एखाद्यास वाळींत टाकणें किंवा त्याच्या घरची सोयरीक मोडणें, हा शब्द न समजल्यामुळें घडणारा मोठा अन्याय होय. ओझें ठेविलें गेलें आहे. तें त्याचेंच आहे असें अजून ठरलेलें नाहीं.

चौथा अर्थ, जमिनीवरील बोजा.— शेतकऱ्यांनीं हा अर्थ विशेष जपून वाचावा. कर्जाची फेड होईपर्यंत मालमत्तेवर जो हक्क धनकोस राहतो, त्यास कायद्यांत चार्ज म्हणतात. १८८२ च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्यांत ह्याची व्याख्या दिली आहे. आपल्या सातबाऱ्यावर 'इतर हक्क' ह्या रकान्यांत ह्याचीच नोंद 'बोजा' ह्या नांवानें होते. बोजा चढला म्हणून शेत धनकोच्या मालकीचें होत नाहीं. परंतु कर्ज थकल्यास वसुली त्या शेतावर येऊं शकते. आणखी एक गोष्ट : पैसे फेडले म्हणून उताऱ्यावरची नोंद आपोआपच गेली असेल असें समजूं नये. सोसायटीचा किंवा बँकेचा बेबाकीचा दाखला घ्यावा, तो गांवच्या महसूल दफ्तरीं द्यावा, आणि बोजा कमी झालेला नवा उतारा स्वतः पाहावा.

पांचवा अर्थ, हल्ला.— फौज आपला सर्व भार शत्रूवर टाकते, असें चित्र मनांत धरल्यास हा अर्थ स्मरणांत राहतो. २५ ऑक्टोबर १८५४ रोजीं क्रिमियाच्या युद्धांत बालाक्लाव्हा येथें इंग्रज घोडदळानें केलेला हल्ला ह्याच शब्दानें इतिहासांत प्रसिद्ध आहे. सेनापतीच्या हुकुमांत 'तोफा' असा शब्द होता. त्या कोणत्या, हें खालच्या सरदारास कळलें नाहीं. सुमारें ६७० स्वार भलत्याच तोफांवर चालून गेले, आणि त्यांपैकीं शंभरांहून अधिक प्राणांस मुकले. एक शब्द संदिग्ध राहिल्यानें काय होतें, ह्याचें ह्याहून कठोर उदाहरण क्वचितच सांपडेल.

सहावा अर्थ, भरणें.— बंदुकींत दारू ठासणें ह्यासहि चार्ज म्हणत. पुढें अठराव्या शतकांत अमेरिकेंतील बेंजामिन फ्रँकलिन ह्यानें विजेचे प्रयोग करितांना हाच शब्द वापरला. 'बॅटरी' हा तोफांच्या रांगेचा शब्दहि त्यानेंच विजेच्या बरण्यांस लाविला. आज आपण फोन चार्ज करितों, तो त्या लष्करी भाषेचा वारसा होय. मराठींत बंदूक 'भरतात'. आणि भरणें व भार हे दोन्ही शब्द संस्कृत 'भृ' धातूचे. इंग्रजी 'बेअर' आणि 'बर्डन', म्हणजे वाहणें आणि ओझें, हेहि त्याच धातूचे दूरचे आप्त आहेत.

भाषांतर करणारांसाठीं.— १६११ सालच्या इंग्रजी पवित्र शास्त्रांत हा शब्द वारंवार येतो. प्रेषितांच्या कृत्यांच्या आठव्या अध्यायांत राणीच्या खजिन्यावरील अधिकाऱ्याविषयीं तो आहे. सातव्याच्या शेवटीं स्तेफनाच्या प्रार्थनेंत दोष लावण्याविषयीं. करिंथकरांस पहिल्या पत्राच्या नवव्या अध्यायांत मोबदल्याविषयीं. आणि तीमथ्यास पहिल्या पत्राच्या सहाव्यांत निक्षून केलेल्या आज्ञेविषयीं. मूळ ग्रीकांत ह्या चार ठिकाणीं एकच शब्द नाहीं. जो शिक्षक चारहि जागीं 'भार' असेंच सांगेल, तो शब्द राखील व अर्थ गमावील.

सारांश, किल्ली एक असली तरी दारें निराळीं आहेत. हा शब्द कागदांत दिसतांच तीन प्रश्न विचारावे : ओझें कोणीं ठेविलें? कोणावर ठेविलें? आणि तें उतरविण्याची रीत कोणती? उत्तर मिळेपर्यंत सही करूं नये, आणि दुसऱ्यासहि करूं देऊं नये.

अभ्यास.— पुढील वाक्यांत 'चार्ज' ह्याऐवजीं योग्य मराठी शब्द घाला : (१) हें औषध दवाखान्यांत विना चार्ज मिळतें. (२) बदलीनंतर जुन्या ग्रामसेवकानें चार्ज दिला. (३) न्यायाधीशानें चार्ज वाचून दाखविला. (४) ह्या गटावर सोसायटीचा चार्ज आहे.