संगणकाचें दुखणें व त्याचें निदान

यंत्र बिघडलें म्हणजे मनुष्याच्या तोंडून पहिला प्रश्न बाहेर पडतो तो बहुधा "हें कोणीं बिघडविलें?" हा होय. वास्तविक पहिला प्रश्न "बिघाड कोठें आहे?" हा असावयास पाहिजे. या दोन प्रश्नांतील अंतर किती मोठें आहे, हें आमच्या संगणकाच्या खोलींत घडलेल्या एका लहानशा प्रसंगानें आम्हांस शिकविलें. तो प्रसंग सांगून, लिनक्स प्रणालीच्या संगणकांतील बिघाडाचा शोध कसा घ्यावा हें विद्यार्थ्यांस व त्यांच्या पालकांस समजावून द्यावें, असा या लेखाचा हेतु आहे.

एका सोमवारीं सकाळीं सातव्या क्रमांकाचा संगणक कोणासहि आंत घेईना. पासवर्ड लिहिला कीं पडदा क्षणभर काळा होई, आणि पासवर्डाची चौकट पुन्हां पुढें उभी राही. शनिवारीं त्या यंत्रावर शेवटीं इयत्ता नववींतील एक मुलगा बसला होता. मुलगा जिज्ञासु खरा, पण जेथें तेथें हात घालणारा. तेव्हां सर्वांची दृष्टि त्याच्याकडे वळली. "मीं कांहीं केलें नाहीं, सर," असें तो म्हणाला. तें कोणीं मनावर घेतलें नाहीं. आम्हीहि घेतलें नाहीं. त्यास खोलींत येण्याची मनाई झाली, व त्याच्या वडिलांस बोलावणें गेलें. त्या गृहस्थांनीं एक दिवसाची मजुरी बुडवून शाळेंत येऊन, "जें काय नुकसान झालें असेल तें हप्त्यांनीं भरून देईन," असें हात जोडून सांगितलें. यंत्राची तपासणी अद्याप झाली नव्हती, आणि खटल्याचा निकाल मात्र लागून चुकला होता!

पुढें काय झालें हें सांगण्यापूर्वीं थोडी माहिती देणें अवश्य आहे. लिनक्स हें नांव पालकांपैकीं पुष्कळांस अपरिचित असेल. संगणकाच्या सर्व भागांकडून काम करून घेणारी जी मूळ कार्यप्रणाली असते, तिच्या गाभ्याचें हें नांव होय. फिनलंड देशांतील हेलसिंकी विद्यापीठांत शिकत असतां लिनस टॉर्वाल्ड्स यांनीं १९९१ सालीं हा गाभा लिहून जगापुढें खुला ठेविला. अमेरिकेंत रिचर्ड स्टॉलमन यांनीं १९८३ सालीं 'ग्नू' नांवाचा उपक्रम जाहीर केला होता. त्यांतील साधनांची या गाभ्यास जोड मिळून पूर्ण प्रणाली सिद्ध झाली. डेबियन, उबुंटू इत्यादि तिचे प्रकार कोणासहि विनामूल्य घेतां येतात. मायक्रोसॉफ्ट कंपनीनें विंडोज १० या प्रणालीचा सर्वसाधारण आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजीं थांबविला. विंडोज ११ ज्यांवर चालत नाहीं असे कितीतरी जुने परंतु धडधाकट संगणक त्यामुळें अडगळींत जाण्याच्या वाटेस लागले. अशा यंत्रांवर लिनक्स उत्तम चालते. ज्या घरीं नवें यंत्र घेण्याची ऐपत नाहीं, तेथें मुलाच्या अभ्यासास हाच आधार होऊं शकतो. म्हणून तिचें दुखणें ओळखतां येणें ही केवळ हौस नव्हे.

संगणक चालू होणें म्हणजे जिना चढण्यासारखें आहे. तो कितव्या पायरीवर अडला, हें नीट पाहिलें कीं अर्धें निदान झालें.

पहिली पायरी विजेची. बटण दाबूनहि पंखा फिरत नाहीं, दिवा लागत नाहीं, तर प्रथम भिंतींतील खटका, वायर व मागील लहान बटण पाहावें. त्यानंतर वीजपुरवठ्याच्या पेटीवर संशय घ्यावा. दुसरी पायरी यंत्राच्या स्वतःच्या तपासणीची. पंखा फिरतो पण पडदा काळाच राहतो, किंवा आंतून 'बीप बीप' असा आवाज येतो, तर पडद्याची केबल घट्ट आहे ना तें पाहावें, व मग रॅमची पट्टी काढून पुन्हां नीट बसवावी. तिसरी पायरी डिस्कची. यंत्र तयार करणाराचें नांव झळकतें, परंतु सुरू करण्याजोगें कांहीं सांपडत नाहीं असा संदेश येतो, तर डिस्कची केबल किंवा खुद्द डिस्क तपासावी. चौथी पायरी ग्रब नांवाच्या द्वारपालाची. हा आपणांपुढें यादी ठेवून गाभ्यास हांक मारतो. नवी सुधारणा घेतल्यानंतर येथून पुढें यंत्र अडत असेल, तर यादींतील 'अॅडव्हान्स्ड ऑप्शन्स' उघडून आधींचा गाभा निवडावा. पुष्कळदां यंत्र पूर्ववत् चालू लागतें. पांचवी पायरी चित्रांची. अक्षरांच्या ओळी सरसर येतात, पण पासवर्डाची चौकट येत नाहीं, तर चित्रें दाखविणाऱ्या ग्राफिक्स कार्डाचा ड्रायव्हर पाहावा. सहावी पायरी वापरणाराच्या स्वतःच्या दालनाची. पासवर्ड दिल्यावर यंत्र अडतें, तर त्या व्यक्तीच्या फाइली व डिस्कवरील मोकळी जागा पाहावी. सामान्यतः यंत्र ज्या पायरीपर्यंत चढलें तिच्याखालील पायऱ्या सुरक्षित असतात, आणि शोध तेथून पुढें घ्यावयाचा असतो.

दुसरा प्रश्न असा कीं, दोष शरीराचा आहे कीं मनाचा? म्हणजे हार्डवेअरचा कीं सॉफ्टवेअरचा? हें ठरविण्यास लिनक्समध्यें एक सुंदर सोय आहे. पेन ड्राइव्हवर ठेवलेली संपूर्ण प्रणाली डिस्कला हात न लावतां चालवून पाहतां येते. तिला 'लाइव्ह' प्रणाली म्हणतात. मात्र त्या वेळीं 'इन्स्टॉल' हा पर्याय निवडूं नये, नाहीं तर तपासणी करतां करतां डिस्कवरील सर्व कांहीं पुसलें जाण्याचा संभव आहे. समजा, घरच्या संगणकावर आवाज येईनासा झाला. पेन ड्राइव्हवरून यंत्र चालविलें असतां आवाज येऊं लागला, तर स्पीकर व कार्ड निर्दोष असून दोष डिस्कवरील प्रणालींत आहे. दोन्हीकडे आवाज नसेल, तर संशय हार्डवेअरकडे वळतो. परंतु येथेंहि घाई करूं नये. कित्येक वाय-फाय कार्डांस निराळें फर्मवेअर लागतें. तें जुन्या पेन ड्राइव्हवर नसेल, तर निर्दोष कार्डहि मेल्यासारखें दिसतें. डेबियनच्या २०२३ सालच्या बाराव्या आवृत्तीपासून असें फर्मवेअर मूळ संचांतच घालण्यांत येऊं लागलें.

हार्डवेअरच्या कांहीं खुणा मात्र पक्क्या ध्यानांत ठेवाव्या. काम वाढलें कीं यंत्र एकाएकीं बंद पडतें, तर पंखा व जाळी धुळीनें भरली आहे काय तें पाहावें. कधीं एक आज्ञावली तर कधीं दुसरी निष्कारण कोसळते, तर 'मेमटेस्ट' नांवाची रॅमची परीक्षा रात्रभर चालवावी. रोज सकाळीं घड्याळ मागच्या सालांत जातें, तर आंतील सीआर २०३२ ही बटणासारखी बॅटरी संपली आहे. तारीख चुकल्यामुळें सुरक्षित संकेतस्थळेंहि उघडत नाहींत, आणि आपण व्यर्थ इंटरनेटवाल्यास बोल लावतों! डिस्कमधून खडखड आवाज येऊं लागला, तर दुरुस्तीपूर्वीं आपल्या फाइलींची नक्कल दुसरीकडे करावी. यंत्र पुन्हां विकत मिळतें. मुलाच्या वर्षभराच्या टिपणांचें तसें नाहीं.

शोध घेतांना तीन नियम पाळावे. पहिला असा कीं, यंत्राचा संदेश शेवटपर्यंत वाचावा व जसाच्या तसा उतरून घ्यावा. "कांहींतरी एरर आला" एवढ्यानें कोणासहि कांहीं कळत नाहीं. लिनक्स आपल्या सर्व घडामोडींची रोजनिशी ठेवते. 'जर्नल' या शब्दास सी, टी, एल हीं अक्षरें जोडून दिलेली आज्ञा ती रोजनिशी उघडते. दुसरा नियम असा कीं, एका वेळीं एकच बदल करावा. रॅम काढली, केबल बदलली, ड्रायव्हरहि नवा घातला, आणि यंत्र सुरू झालें, तर गुण कशानें आला हें कळणार नाहीं. आणि न कळलेला रोग पुन्हां येतो. अर्थ न समजतां दुसऱ्याची आज्ञा उतरून देऊं नये, हेंहि यांतच आलें. विशेषतः 'सूडो' शब्दानें सुरू होणारी, कारण तिला सर्वाधिकार असतात. तिसरा नियम असा कीं, काय पाहिलें व काय केलें तें वहींत लिहावें. अमेरिकेंतील हार्वर्ड मार्क दोन या यंत्रांत १९४७ सालीं एक पतंग अडकलेला सांपडला, तेव्हां तेथील मंडळींनीं तो वेळेच्या नोंदीसह वहींत चिकटवून ठेविला. दोषास 'बग' म्हणजे किडा म्हणण्याची रीति त्यापूर्वींचीच होती, पण येथें खराच किडा निघाला! ती वही अमेरिकेंतील स्मिथसोनियन संग्रहांत आजहि जपून ठेवलेली आहे.

आतां सातव्या क्रमांकाच्या यंत्राकडे वळूं. त्या मुलाच्या वडिलांचे जोडलेले हात आमच्या डोळ्यांपुढून जाईनात. म्हणून बुधवारीं शाळा सुटल्यावर आम्ही वही घेऊन त्या यंत्रापुढें बसलों. प्रथम मुद्दाम चुकीचा पासवर्ड लिहिला. तो चुकीचा असल्याचा संदेश आला. मग बरोबर पासवर्ड लिहिला. संदेश आला नाहीं, नुसती चौकट परत आली. म्हणजे पासवर्ड कोणीं बदलला नव्हता! यंत्र तो मान्य करीत होतें, पण सहाव्या पायरीवर अडखळत होतें. कंट्रोल, ऑल्ट व एफ ३ या कळा एकदम दाबतांच चित्रांवांचून केवळ अक्षरांचा पडदा उघडला, व तेथें त्याच पासवर्डानें प्रवेश मिळाला. 'डी एफ' या दोन अक्षरांची आज्ञा, पुढें एक आडवी रेघ व 'एच' हें अक्षर जोडून दिली. (या आज्ञा रोमन लिपींतील लहान अक्षरांतच लिहावयाच्या असतात.) डिस्क १०० टक्के भरल्याचें दिसलें. आंत येतांना कांहीं नोंदी लिहिण्यापुरतीहि जागा उरली नव्हती, म्हणून दालन उघडत नव्हतें.

एवढी जागा खाल्ली कोणीं? शोधतां शोधतां रोजनिशीच्या फोल्डरांत 'सिसलॉग' नांवाची एकच फाइल कित्येक जीबी वाढलेली आढळली. तिच्यांत एकच तक्रार लक्षावधि वेळां लिहिलेली होती: वाय-फाय कार्डाशीं चाललेल्या दळणवळणांत चूक होत आहे. आम्हीं ती फाइल रिकामी केली, आणि यंत्रानें तत्काळ आंत घेतलें. परंतु दहा मिनिटांत ती पुन्हां फुगूं लागली. ताप उतरला होता, रोग तसाच होता. मग यंत्र बंद करून, वायर काढून, धातूच्या चौकटीस हात लावून अंगांतील स्थिर वीज घालविली, व आंत पाहिलें. कार्ड आपल्या खांचेंत एका बाजूनें किंचित् उचललें गेलें होतें. तें नीट बसविलें, तक्रारी थांबल्या.

राहिली एक गोष्ट. फाइल रिकामी करण्यापूर्वीं तींतील पहिल्या तक्रारीची वेळ आम्हीं वहींत लिहून घेतली होती. ती वेळ शनिवारची नव्हती, शुक्रवारच्या सायंकाळची होती. त्या सायंकाळीं खोली झाडण्यासाठीं टेबलें हलविलीं होतीं, आणि तें काम आमच्याच देखरेखीखालीं झालें होतें. शनिवारीं खोलीस कुलूप लावतांना यंत्रें बंद आहेत कीं नाहींत हें पाहणें आमचेंच काम होतें, आणि तेंहि राहून गेलें होतें. म्हणूनच रविवारभर ती फाइल वाढत राहिली.

दुसऱ्या दिवशीं आम्हीं ती वही वर्गापुढें वाचून दाखविली, व त्या मुलाची सर्वांसमक्ष क्षमा मागितली. सायंकाळीं त्याच्या घरीं जाऊन वडिलांसहि सर्व वृत्तांत सांगितला. ते एवढेंच म्हणाले, "मास्तर, पोरगा खरें बोलत होता, एवढें कळलें तरी पुरे."

योहानाच्या शुभवर्तमानाच्या नवव्या अध्यायांत जन्मांध मनुष्याची कथा आहे. त्याला पाहून शिष्यांनीं विचारलें तें, पाप याचें कीं याच्या आईबापांचें, हें. प्रभु येशूनें तो वाद बाजूस सारून त्या मनुष्यास दृष्टि दिली. ती कथा आम्हीं वर्गांत अनेकदां शिकविली होती; एका भरलेल्या डिस्कपुढें बसलों तेव्हां ती आम्हांस प्रथमच नीट कळली.

विद्यार्थ्यांनो, तुमच्या हातीं बिघडलेलें यंत्र येईल तेव्हां पायरी पाहा, संदेश वाचा, एकच बदल करा, आणि नोंद ठेवा. आणि पालकहो, मूल "मीं केलें नाहीं" असें म्हणेल, तेव्हां निकाल देण्यापूर्वीं यंत्राची रोजनिशी एकदां उघडून पाहा.