विडालच्या कागदावरचा ‘एच’

गेल्या पावसाळ्यात वडिलांचा ताप आठ दिवस उतरेना. रक्त तपासले. रिपोर्ट वीरला घरी आला तेव्हा वाचायला माझ्याच हाती दिला. घरात कॉलेजची पायरी चढलेली मीच पहिली. ‘विडाल’ असे लिहून खाली ‘ओ’ आणि ‘एच’ ही अक्षरे व आकडे. “एच म्हणजे काय गं?” वडिलांनी विचारले. मला सांगता आले नाही. ताप गेला, प्रश्न राहिला.

विषमज्वराचा, म्हणजे टायफॉईडचा, जीवाणू पोहतो. त्याच्या अंगावर चहूबाजूंनी बारीक शेपट्या असतात. त्या कशाभिका. ‘कशा’ म्हणजे चाबूक; पण त्या फटकारत नाहीत, बोटीच्या पंख्यासारख्या गरगर फिरतात. या शेपट्यांविरुद्ध रक्तात तयार होणारी प्रतिद्रव्ये ‘एच’ दाखवतो, जीवाणूच्या बाह्य आवरणाविरुद्धची ‘ओ’. पॅरिसच्या फेर्नां विडाल यांनी ही तपासणी १८९६ साली मांडली. ‘एच’ हे अक्षर मागाहून आले, ‘हाउख’ या जर्मन शब्दावरून. त्याचा अर्थ श्वास, फुंकर. पोहणारे काही जीवाणू बशीवर असे पसरतात की आरशावर फुंकर मारल्यासारखा पातळ थर दिसतो.

मला खरी गंमत वाटली ती शेपटी बांधण्याची. हे संशोधन बहुतांशी या जीवाणूच्या भावंडावर, साल्मोनेला टायफिम्यूरियमवर, झाले. या कामाला पन्नासांहून अधिक जनुके लागतात. एका शेपटीत फ्लॅजेलिन या प्रथिनाचे सुमारे वीस हजार कण. जोते पुरे होण्याआधी कौले आणून कोण ठेवील? जीवाणूही ठेवत नाही. आधी दोन मुख्य जनुके जागी होतात. त्यांच्या हुकमाने मुळाचे फिरते यंत्र आणि त्यावरचा वाकडा आकडा तयार होतो. फ्लॅजेलिनची जनुके चालू करणारे प्रथिनही तेव्हाच बनते, परंतु दुसरे एक प्रथिन त्याला धरून ठेवते.

मग जोते झाले हे कळते कसे? यंत्र आतून पोकळ असते. आकडा पुरा झाला की त्याच पोकळीतून हा अडवणारा बाहेर ढकलला जातो. पहिले प्रथिन मोकळे होते आणि फ्लॅजेलिन बनू लागते. तेही त्याच वाटेने जाऊन टोकाला बसते. आपला केस मुळाशी वाढतो, ही शेपटी शेंड्याला.

वडिलांना हे सांगितले तेव्हा त्यांनी विचारले, “मग माझा ताप टायफॉईडच होता ना?” ‘एच’ प्रतिद्रव्ये जुन्या तापानंतर किंवा लशीनंतरही बराच काळ रक्तात राहू शकतात. म्हणून एकदाच केलेल्या विडालवरून नक्की सांगता येत नाही. प्रतिजैविक सुरू करण्याआधी रक्तातले जीवाणू वाढवून पाहणे अधिक खात्रीचे. वडिलांच्या वेळी ते झाले नव्हते.